बायजामायची तेरा तारीख

दुसऱ्यांची भांडणं ऐकू नयेत, हे मला माहेरी शिकवलं होतं. पण भांडण कुडाच्या पलीकडं चाललेलं अन् आपण अलीकडून कुडाला शेणमाती लिंपत असलो, तर कान कुठं ठेवायचे हे कोणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन माझं वर्षही झालं नव्हतं. हात कुडावर अन् कान कुडात, अशी मी उभी.

पलीकडं शेजारच्या गोदावरीबाई कडाडत होत्या. "तुह्या तोंडाले कुलूप नाही का वो बायजे? माही नात जन्माले आली, अन् तू त्याच घटकेले बाहेरून येऊन काय बोलली?"

"पाहिलं तेच बोलली." हा आवाज बायजामायचा, आमच्या गावच्या सुईणीचा. "पाणी फेकाले बाहेर गेली, वर पाहिलं, तं तारे तुटून राहिले. एक नाही, दोन नाही. आभाळाले गळती लागल्यावानी. तं बोलली."

"अन् बाजूले बसलेल्या बाया काय बहिऱ्या होत्या? गावभर झालं, तारे तुटल्या रातीची पोर म्हणून!"

"मंग मी का त्याइच्या तोंडात जाऊन बसली होती?"

"तुह्याच तोंडात बसाले पाहिजे होतं कोणीतरी!"

आमच्याकडची रीत अशी, की तारा तुटताना दिसला तर तोंड फिरवायचं, थुंकायचं अन् कोणाला सांगायचं नाही. तारा तुटला म्हणजे कोणाचा तरी जीव जाणार, अन् सांगितलं तर तो आपल्याच घरचा. त्यामुळं एकाच रात्री अर्ध्या गावानं तारे पाहिले, तरी ज्याला त्याला वाटायचं की आपल्याला एकट्यालाच दिसले. त्या रात्री मलाही तीन दिसले होते. मी इमानदारीनं तिन्ही वेळा थुंकले, कोणाला बोलले नाही, अन् मनातल्या मनात घरच्या माणसांचे नंबर लावत बसले. पहिला नंबर सासूबाईंचा लावला होता. त्या पुढं पंचवीस वर्षं जगल्या अन् माझ्या हातच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवून मगच गेल्या. आकाशातलं मला तेव्हापासून एवढंच कळतं.

ती मुलगी म्हणजे रुखमा, गोदावरीबाईंच्या मुलाची, केवळरामची लेक. अन् ही गोष्ट तिची असली तरी खरी बायजामायची आहे.

बायजामाय ठेंगणी, चालताना डाव्या पायावर जराशी कलायची. आवाज असा, की तिनं कानात सांगितलेलं चौथ्या घरी ऐकू जायचं. कमरेला तंबाखूची डबी, काखेत पिशवी; पिशवीत नवं ब्लेड, सुताचा दोरा अन् एरंडीच्या तेलाची बाटली. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली. गावात कोणाच्याही घरी बाई अडली की रात्री तिचीच कडी वाजायची. तिच्या हातात आमची बाळं चालायची, तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. आमच्या घरीही तेच. माझी चारही लेकरं तिनं या जगात आणली, अन् चहा मात्र तिला परसातल्या वेगळ्या कपात. ती प्यायची, कप पालथा घालायची अन् म्हणायची, "चहा चांगला होता, नवरीबाई. पण कप लय एकटा पडला."

मला ती शेवटपर्यंत नवरीबाईच म्हणत राहिली. माझे केस पिकले, दात हलायला लागले, तरी नवरीबाई.

रुखमा मोठी झाली. धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या वेळी चिखलात तिचा हात असा चालायचा, की आम्ही बाया अर्ध्या बांधीत असलो तर ती शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर बसून आमची वाट पाहायची. दिसायला नीटस, बोलायला तिखट. पण सोयरिकीची बोलणी यायची अन् कोणीतरी पाहुण्यांच्या कानात सांगायचं, तारे तुटल्या रातीची आहे. पाहुणे पोहे खायचे, 'कळवतो' म्हणायचे, अन् कळवायचे नाहीत.

बायजामायला हे आत कुठंतरी लागत होतं. तिचा मुलगा बाबुलाल जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला लागला होता. तोही तिला बोलायचा. "माय, दीक्षा घेतली, अन् शुभ-अशुभ कायले बोलली?"

"मी शुभ नाही बोलली अन् अशुभबी नाही बोलली. तारे तुटले, एवढंच बोलली. बाकीचं बायाइनं लावलं." एवढं बोलून ती तंबाखू मळत बसायची, अन् मळतच राहायची. तोंडात टाकायची तिला आठवण राहायची नाही.

शहात्तर साली आंबागडचे टेकचंद आपल्या मुलासाठी रुखमाला पाहायला आले. पोहे खाल्ले, मिशा पुसल्या अन् सरळच बोलले. "केवळरामभाऊ, पोट्टी आमाले पसंत आहे. पण घरच्या बाया त्या ताऱ्याईचं घेऊन बसल्या. घरात कोणाले काही झालं तं म्हणतील, पाहा, आणली तारे तुटकी."

बायजामाय अंगणात उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला बोलावणं लागायचंही नाही. ती ओट्यापाशी आली. "टेकचंदभाऊ, ते तारे या पोरीसाठी नाही पडले. मी इतके साल राती-बेराती हिंडून राहिली. धानाच्या मळणीच्या दिवसात दरसाल पडतात. या एक रात. खळ्यावर बसा, आपल्या डोळ्यानं पाहा."

"अन् नाही पडले तं?"

"तं माहं नाव बायजा नाही."

"तुमचं नाव बदलून मले काय फायदा वो?" टेकचंद हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "बरं. दरसाल पडतात हे मले दिसलं, तं लगन पक्कं. नाही दिसलं, तं पुन्हा बोलावू नका. रात सांगा कोणती."

आता रात्र कोणती? गोदावरीबाई तेव्हा खाटेवरच असायच्या, पण जीभ शाबूत. "मार्गशीर्षातली विनायकी चौथ! माहा उपास होता, मले इचारा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही पुढं सरसावले. गावातल्या माझ्या वयाच्या बायांत तिसरी पास मी एकटी, त्यामुळं पंचांग म्हटलं की माझ्या अंगात यायचं. ओळीवर बोट ठेवत ठेवत मी चौथ शोधून काढली, अन् शास्त्रीबुवांसारखी मान डोलावून सगळ्यांना दिवस सांगितला. तो नोव्हेंबरात येत होता. आला तर आला. तारखेकडं बघायचं असतं हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही, अन् माझ्या तर मुळीच नाही.

ती रात्र माझ्या अजून अंगावर येते. केवळरामच्या खळ्यावर धानाच्या भाऱ्यांचं उंच पुंजणं रचलेलं, त्याच्या आडोशाला तणस पसरून आम्ही बसलो. टेकचंद अन् त्यांचा भाऊ घोंगड्या पांघरून, केवळराम हात चोळत, बायजामाय मान वर करून. चहाचं काम माझ्याकडं अन् रुखमाकडं. वर आभाळ स्वच्छ, तारे जागच्या जागी घट्ट बसलेले.

"तो पाहा!" मी ओरडले. सगळे दचकून वळले. आमच्या ह्यांनी विझत आलेली बिडी पलीकडं फेकली होती.

थोड्या वेळानं मी पुन्हा ओरडले. ती जवाहरनगरकडं जाणारी फॅक्टरीची बस होती, रस्त्याच्या वळणावर दिवा दिसला. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं, तर केवळराम हात जोडून म्हणाला, "वहिनी, तुम्ही चहाच पाहा."

रात्रभरात दोन-चार पडले असतील. तेवढे कोणत्याही रात्री पडतात. उजाडलं तसे टेकचंद उठले, अंगावरचं तणस झाडलं. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "बायजाबाई, दरसाल पडतात म्हणता, तं आज कुठं गेले? म्हणजे ते त्याच राती पडले, अन् त्या पोरीच्याच पायी पडले. मले आता पक्कं समजलं."

जे पुसायला बसलो होतो, त्याच्यावर आम्ही शिक्का मारून घेतला. रुखमा कप विसळत होती. मला म्हणाली, "काकी, मीच वर चढून एखादा पाडू का?" अन् हसली. मग पुंजण्यामागं गेली अन् बराच वेळ आलीच नाही.

त्यानंतर वीसेक दिवसांनी बाबुलाल दुसरी पाळी करून फॅक्टरीच्या बसनं आला. सडकेवर उतरून गावाकडं चालत येताना त्याच्या डोक्यावर तारे तुटायला लागले. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक पार झाडांपर्यंत. तो धावत घरी आला अन् आईला उठवलं. बायजामाय अंगणात आली. वर पाहिलं.

"हेच!" म्हणाली. "हेच होतं, बाबू. असंच."

"माय, रुखमाचा जन्म कोणत्या तारखेचा?"

"तारीख मले काय माहीत?" मग ती बोटं मोजायला लागली. "पण सहा डिसेंबरची वंदना झाली होती. मेणबत्त्या लावल्या होत्या बाबासाहेबाच्या फोटोपाशी. त्यातली एक उरली होती. गोदामायच्या घरचा कंदील भडकत होता, तं मी तीच मेणबत्ती नेली. तिच्याच उजेडात नाळ कापली. सहा तारखेले अन् त्या रातीले एका आठवड्याचं अंतर."

"म्हणजे तेरा," बाबुलाल म्हणाला. "माय, आज तेरा डिसेंबर आहे."

आम्ही सगळे चौथ धरून बसलो होतो. बायजामायच्या वस्तीत मात्र एक दिवस तारखेनं पाळला जायचा, अन् त्याच दिवसानं ती रात्र आम्हाला शोधून दिली.

झुंजूमुंजू होताच तिनं आमची कडी वाजवली. तोवर आभाळ फिकं झालं होतं अन् मला काहीच दिसलं नाही. तरी मी वाद घालायला तयार. "पण तिथी तर चौथच होती ना?"

बाबुलाल म्हणाला, "काकी, तारे पंचांग पाहत नाहीत. ते तारखेनं येतात, फॅक्टरीच्या भोंग्यावानी." त्याच्या खात्यातल्या कोणी त्याला समजावून सांगितलं होतं, की आपली पृथ्वी फिरता फिरता दरवर्षी त्याच दिवसांत धुळीच्या एका वाटेतून जाते, अन् ती धूळ वर जळून जाते. म्हणजे ज्याला मी यमाचं बोलावणं समजून थुंकत होते, ते बैलबंडीमागं उडणाऱ्या फुफाट्यासारखं होतं.

पण टेकचंदांना आता कोण आणणार? बायजामाय म्हणाली, मी आणतो. आमच्याकडच्या बाया बोलताना 'मी जातो, मी आणतो' असंच बोलतात. मी सोबत गेले, कारण मला आंबागडचा किल्ला पाहायचा होता. किल्ला काही पाहिला नाही. तुमसरच्या स्टँडवरच माझी चप्पल तुटली अन् मी दिवसभर एक पाय उचलून चालले.

टेकचंदांनी आम्हाला पाहून कपाळाला हात लावला. "पुन्हा थंडीत माराले नेता का?"

"आता नाही. पुढच्या साली, तेरा डिसेंबरले. सालभर पोरीचं लगन कुठं जुळत नाही, तुमच्यामुळंच. तं सालभर तुम्हीबी थांबा." बायजामाय त्यांच्या अंगणात ठाण मांडून बसली होती. "नाही दिसले, तं तुमच्या घरच्या बाळंतपणाले जन्मभर बोलावाल तवा येईन, लुगडं मागणार नाही."

"अन् दिसले तं?"

"तरीबी येईन. पण लुगडं घेईन."

टेकचंदांच्या घरातून बायकांचं हसणं ऐकू आलं. मला वाटतं, लग्न अर्धं तिथंच जमलं.

ते वर्ष रुखमानं कसं काढलं ते तिला माहीत. चिखला गावच्या खाणीत नोकरीला असलेल्या एकाचं चांगलं ठिकाण आलं, तर हिनंच नाही म्हटलं. "बायजामायनं शब्द दिला आहे, तो पुरा होऊ द्या," म्हणाली. केवळराम रात्री झोपायचा नाही. बायजामायला विचारलं की ती म्हणायची, "पडतील." पण तंबाखू मळत राहायची.

सत्त्याहत्तर सालची गंमत पाहा. त्या साली धोंड्याचा महिना आला, त्यामुळं तिथी पुढं सरकली अन् मार्गशीर्षातली चौथ नेमकी तेरा डिसेंबरलाच लागली. गोदावरीबाई खाटेवरून ओरडल्या, "पाहा! मी म्हटलं नव्हतं, चौथच!" बाबुलाल म्हणाला, "आजी, तेरा तारीख आहे म्हणून." तो वाद त्या घरात अजून मिटलेला नाही.

चंद्राची बारीक कोर लवकरच बुडाली. या खेपेला बाबुलालनं कंदील विझवायला लावला, शेकोटी पुंजण्याच्या पलीकडं न्यायला लावली, अन् सगळ्यांना तणसावर उताणं निजवलं. टेकचंद, त्यांचा भाऊ, केवळराम, आमचे हे, सगळे ओळीनं पडलेले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या गावात मोठी साथ आली.

पहिला तारा पडला. टेकचंद लगेच तोंड फिरवून थुंकले. दुसरा पडला, थुंकले. तिसरा पडायच्या आत चौथा पडला. ते उठून बसले, इकडं थुंकले, तिकडं थुंकले. पिवळसर, सावकाश सरकणारे, काही झाडांमागं जाऊन विझणारे. रीत सोडायची नाही म्हणून ते बिचारे थुंकतच राहिले, अन् शेवटी तोंडात थुंकीच उरली नाही.

"पाणी द्या वो कोणी," घोगऱ्या आवाजात म्हणाले.

जवळ बायजामाय होती. तिच्या उशाशी तिचा स्वतःचा गडवा होता. तिनं तो पुढं केला अन् टेकचंदांनी वरच पाहत तो तोंडाला लावला. अर्धा संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आम्ही सगळे त्यांच्याकडंच पाहत होतो. केवळराम खोकला. टेकचंदांनी गडव्यात पाहिलं, बायजामायकडं पाहिलं.

"अर्धं पेलो," म्हणाले. "मंग बाकीच्यानं काय पाप केलं?" अन् उरलेलंही प्यायले.

मग तणसावर पुन्हा आडवे होत म्हणाले, "इतके तारे एका पोरीसाठी नाही पडत, बायजाबाई. तेवढी ऐपत आभाळाचीबी नाही."

रुखमा माझ्याच बाजूला होती. तिनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. अन् मी? मी या सगळ्या वेळात किती तारे पाहिले म्हणाल, तर टेकचंदांनाच पाहत होते. नंतर म्हटलं आता पाहू, उताणी झाले, घोंगडी ओढली, अन् डोळे उघडले तेव्हा कोंबडा आरवत होता. आमचे हे म्हणतात की माझ्या घोरण्यानं दोन तारे वेळेआधी पडले.

घरी आल्यावर परसातला तो एकटा कप मी फडताळात बाकीच्यांत ठेवून दिला. पुढं कोणता तो, ते मलाच ओळखू येईना.

वैशाखात रुखमा आंबागडला गेली. तिची दोन्ही बाळंतपणं बायजामायनं केली अन् दोन लुगडी घेतली. त्या सालापासून तिनं नवीन काम सुरू केलं. तेरा डिसेंबरला रात्री काठी घेऊन निघायची अन् घरोघरच्या कड्या वाजवायची. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "सालभर तुम्ही माही कडी वाजवता. एक रात मी तुमची वाजवतो. निघा बाहेर!"

लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात चंद्र असा भरला होता की खळ्यावर सुई सापडली असती. तारे धुऊन निघाले. तेव्हा आम्हाला कळलं, तारीख बरोबर असली तरी चंद्र नडतो. हळूहळू मीही जाणकार झाले, म्हणजे सांगण्यापुरती. मध्यरात्रीनंतर जास्त पडतात. दिव्याकडं पाहायचं नाही, डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्यायची. एकाच ठिकाणी टक लावायची नाही, सगळं आभाळ डोळ्यात घ्यायचं. बाबुलाल सांगायचा की ऑगस्टातही असेच पडतात, बाराच्या-तेराच्या सुमाराला. पण तेव्हा आमच्याकडं ढग इतके, की ते सगळे ढगांच्या पाठीवरच पडत असतील. ऑक्टोबरातही थोडे, हलक्या धानाची कापणी असते तेव्हा. नातवंडांना मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात शिकवते. ती विचारतात, "आजी, तू किती पाहिले?" मग मला एकदम चुलीवर दूध ठेवलेलं आठवतं.

बायजामायच्या डोळ्यांत पुढं मोतीबिंदू उतरला. बाबुलाल म्हणायचा, "माय, तुले दिसत नाही, कायले जाते?" ती म्हणायची, "मले दिसलंच होतं तं एवढं झालं. आता बाकीच्याइले दिसू दे." पंच्याऐंशीच्या डिसेंबरानंतरच्या उन्हाळ्यात ती वारली. पण त्या डिसेंबरात ती आली होती.

अमावस्या नुकतीच सरलेली, अंधार गच्च. कडी वाजली. "नवरीबाई, निजली का?"

"नाही, जागीच आहे," मी झोपेतून म्हणाले.

"घोरणं ओसरीवर ऐकू येऊन राहिलं. निघ बाहेर."

मी शाल घेऊन आले. तिला चहा विचारला. नको म्हणाली, अजून सात-आठ कड्या राहिल्या होत्या. ती अंगणात काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, तोंड वर न करता माझ्याकडं करून. "पाहा वर. मी तुह्या तोंडाकडं पाहतो."

मी पाहत राहिले. थंडीनं नाक गळत होतं, मान दुखत होती. मग आमच्या चिंचेवरून एक सरकला, लांबच लांब, अन् मागं रेघ ठेवून गेला. माझ्या तोंडून काय निघालं, आठवत नाही.

"पडला?" तिनं विचारलं.

"पडला."

"बरं." तिनं काठी उचलली. "मी ताराचंदकडं जातो. त्याचे पोट्टे लय झोपाळू आहेत."

काठीचा आवाज गल्लीतून पुढं गेला, थांबला, अन् पलीकडच्या घराची कडी वाजली.